कुत्र्यांचं स्वागत करता, तर पाटीवर द्राक्षांचंही लिहा

प्रति,
नाशिक जिल्ह्यातले वायनरीचालक, द्राक्ष बागायतदार, बागांमधली मुक्कामाची ठिकाणं चालवणारे, नाशिक महानगरपालिका आणि राज्याचं पर्यटन खातं

स.न.वि.वि.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला 1980 च्या दशकात वाइनचा पहिला मोठा प्रयोग झाला. 2001 मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, सांजेगाव, विंचूर हे सगळं पर्यटकांच्या नकाशावर आलं. गेल्या काही वर्षांत या पर्यटकांबरोबर कुत्रीही येऊ लागली आहेत. मुंबई-पुण्याचं कुटुंब शनिवारी निघतं, लॅब्रॅडॉर किंवा शिह त्झू मागच्या सीटवर असतो, आणि बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच असतो, की कुत्रा चालेल का. तुमच्यापैकी अनेकांनी 'चालेल' असं उत्तर द्यायला सुरुवात केली, दारात 'पेट फ्रेंडली' अशी पाटी लावली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

पण त्या पाटीवर एक ओळ कमी आहे, आणि तीच ओळ नाशिकमध्ये सगळ्यात महत्त्वाची आहे. द्राक्ष कुत्र्यासाठी विष आहे. ताजं द्राक्ष, मनुका, बेदाणा, रस, गाळून उरलेला चोथा, सगळंच. ज्या जिल्ह्याची ओळखच द्राक्ष आहे तिथे कुत्र्याला बोलवायचं, तर सगळी व्यवस्था या एका गोष्टीभोवती बसवावी लागेल. त्यासाठी हे पत्र.

आधी विषाबद्दल, कारण इथे सर्वाधिक गैरसमज आहेत. 'आमचा कुत्रा लहानपणापासून द्राक्षं खातो, त्याला काही होत नाही,' हे वाक्य बागेत हमखास ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. काही कुत्र्यांना खरोखर काही होत नाही, काहींची किडनी दोन दिवसांत बंद पडते. यामागचं आजचं सर्वात पटणारं स्पष्टीकरण म्हणजे टार्टारिक आम्ल. द्राक्षात ते भरपूर असतं, आणि त्याचं प्रमाण जातीनुसार, मण्याच्या पक्वतेनुसार, हंगामानुसार बदलतं. म्हणून आज पचलं ते उद्या पचेलच असं नाही. हेच आम्ल चिंचेतही असतं. त्यामुळे चिंचेचं सार किंवा चिंच-गुळाची आमटी भातावर घालून कुत्र्याला देऊ नका, हे स्वयंपाकघरातल्या मंडळींनाही सांगायला हवं. उरलेलं जेवण प्रेमाने कुत्र्यापुढे ठेवायची आपली पद्धत आहे, आणि म्हणूनच हे बोलावं लागतं.

प्रमाण सांगायचं, तर ज्या मात्रेला किडनीला इजा झाल्याची नोंद आहे ती कुत्र्याच्या दर किलो वजनामागे ताजी द्राक्षं सुमारे 20 ग्रॅम आणि मनुका सुमारे 3 ग्रॅम. चार किलोच्या शिह त्झूसाठी हे 80 ग्रॅम ताजी द्राक्षं किंवा जेमतेम छोटी मूठभर मनुका इतकंच होतं. 30 किलोच्या लॅब्रॅडॉरला ताजी द्राक्षं अर्धा किलोच्या वर लागतील, पण मनुका 90 ग्रॅमच पुरतील, आणि लॅब्रॅडॉर चीज प्लेटवरची वाटी दोन घासांत संपवतो. या आकड्यांच्या खाली सुरक्षित आहे, असा अर्थ मात्र कृपा करून काढू नका. सुरक्षित मात्रा ठरलेलीच नाही. मनुका जास्त घातक, कारण पाणी उडाल्यावर तेच आम्ल लहानशा वजनात एकवटतं. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही यात आले.

लक्षणं फसवी असतात. पहिल्या 24 तासांत बहुतेक वेळा उलटी होते, मग कुत्रा सुस्त पडतो, जेवण सोडतो, आणि पर्यटक म्हणतो प्रवासाने दमला असेल. खरा धोका 24 ते 72 तासांत दिसतो. आधी पाणी जास्त पितो, मग लघवी कमी होत जाते आणि शेवटी बंदच होते. तोवर कुटुंब घरी पोचलेलं असतं आणि नाशिकच्या बागेत पडलेला मणी कोणालाही आठवत नाही.

उपाय वेळेत झाला तर निकाल चांगला येतो. खाल्ल्यापासून साधारण दोन तासांच्या आत डॉक्टरांनी इंजेक्शनने उलटी करवणं, मग सलाईनवर 48 तास ठेवणं, लघवीचं प्रमाण मोजणं आणि क्रिएटिनिनची (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची) तपासणी पहिल्या दिवशी करून पुढचे तीन दिवस रोज करत राहणं, असा हा मार्ग आहे. द्राक्षं पोटात बऱ्यापैकी वेळ पडून राहतात, म्हणून दोन तास उलटून गेले तरी दवाखाना टाळू नये. आणि घरगुती उपाय म्हणून मिठाचं पाणी कधीही पाजू नका. त्याने उलटी होईलच असं नाही, पण रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला सूज येऊ शकते, म्हणजे एका विषावर दुसरं विष. घशात बोटं घालणं, एरंडेल पाजणं, दूध देणं, यातलं काहीच करू नका.

आता तुमच्या आवारात नेमकं काय बिघडतं ते पाहू.

जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ आणि पर्यटकांचाही. क्रेट भरताना मणी गळतात, ट्रॅक्टरच्या वाटेवर चिरडले जातात, वजनकाट्याच्या आजूबाजूला चिकट थर साचतो. द्राक्षं तुडवण्याच्या कार्यक्रमात तर हे शंभर पटीने होतं. लाकडी टबाबाहेर रस ओघळतो, सालं फरशीच्या सांध्यांत अडकतात, आणि टबामागच्या उथळ नाल्यात गुडघ्यापर्यंत पाय धुतलेलं जांभळं पाणी साचतं. कुत्रा तिथे तोंड घालतो तेव्हा मालक ओढून घेतो, एवढं खरं. पण दुसरी गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. सालं आणि बिया त्याच्या पंजाच्या गाद्यांमध्ये, बोटांच्या फटीत चिकटून राहतात. तासाभराने गाडीत बसल्यावर तो निवांत पंजे चाटत बसतो, आणि कोणी पाहतही नाही. म्हणून तुडवणीच्या जागेपासून किमान 20 फुटांवर कुत्र्यांची सीमा असावी, आणि बाहेर पडायच्या वाटेवर एक नळ, एक उथळ परात आणि एक जुना टॉवेल असावा. पंजा वरून ओतून धुतला तर उपयोग नाही, बोटांच्या मधल्या जागा बोटानेच साफ कराव्या लागतात. लहान कुत्रा असेल तर दोन मिनिटंही लागत नाहीत.

चोथ्याचे ढीग ही दुसरी जागा. पांढऱ्या वाइनचा चोथा आंबवण्याआधीच दाबून निघतो, म्हणून त्यात साखर असते. लाल वाइनचा आंबल्यानंतर निघतो, म्हणून त्यात दारू असते. दोन्हींचा आंबट-गोड वास कुत्र्याला दुरून कळतो. ढीग खतासाठी मागे पडून राहिला की आठवड्याभरात त्यावर बुरशी येते, आणि काही बुरशींची विषं कुत्र्याला थरथर आणि आकडी आणतात. म्हणजे एकाच ढिगात तीन वेगवेगळे धोके. शिवाय बिया आणि सालांचा गोळा आतड्यात अडकतो तो वेगळाच. साडेतीन-चार फुटांची जाळी ढिगाभोवती बांधली आणि वरून ताडपत्री टाकली, तर हा सगळा प्रश्न एका दिवसात सुटतो. खर्च एका शनिवारच्या वाइन-टेस्टिंगपेक्षा कमी आहे.

तिसरी जागा म्हणजे आंबवण्याचं दालन. तिथे कुत्र्याला नेऊ नये हे स्वच्छतेसाठी सांगितलं जातं. त्याहून मोठं कारण हवेतलं आहे. लिटरभर द्राक्षरस आंबताना सुमारे 50 लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. माणसाचं नाक पाच फुटांवर आणि पगचं एका फुटावर. माणसाला काही जाणवायच्या आत कुत्रा कोसळू शकतो. त्यातच टाक्या धुवायचा कॉस्टिक सोडा, जंतुनाशकं आणि सल्फर, सगळं त्याच फरशीवरून वाहतं. त्यामुळे सेलर टूरच्या वेळी 'लहान आहे, उचलून घ्या, चालेल' अशी सवलत तुमच्या कर्मचाऱ्यांनी देऊ नये. त्याऐवजी टूर सुरू असताना कुत्र्याला बांधायला सावलीतले दोन-तीन खुंटे आणि पाण्याचं भांडं ठेवा. खुंटा जमिनीत पक्का गाडलेला हवा. खुर्चीच्या पायाला बांधलेला कुत्रा दचकला की खुर्चीसकट धावतो.

बागायतदारांना विशेष विनंती फवारणीची आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून तिला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करता, म्हणजे ते लावता. ते किती जहाल आहे हे हातमोजे घालणाऱ्या प्रत्येक मजुराला माहीत आहे. कुत्र्याला हातमोजे नसतात, आणि तो ओघळलेल्या काडीलाच नाक लावतो. पेस्टिंगचे दिवस आणि पुढचे किमान दोन दिवस त्या प्लॉटमध्ये पाहुण्यांचा फेरफटका बंद ठेवा. त्यानंतर दोन महिने भुरी आणि डाऊनी या द्राक्षांच्या बुरशीजन्य रोगांसाठी फवारण्या जवळजवळ सलग चालतात. बोर्डो मिश्रणाचे निळसर डाग पानांवर आणि ओळींमधल्या गवतावर पडतात, त्यात मोरचूद असतं, आणि गवत चावणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे. फाटकावर खडूने तारीख लिहिली, 'या प्लॉटमध्ये आज फवारणी', एवढं पुरे. ठिबकच्या नळ्या कुरतडणाऱ्या उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवत असाल, तर त्या बंद पेटीत ठेवा. उघड्या पिठाच्या गोळ्या आधी कुत्र्यालाच सापडतात.

एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरपर्यंत वेलीवर फळ नसतं. म्हणजे कुत्र्याला घेऊन बाग फिरायची, तर पावसाळा हा द्राक्षांच्या दृष्टीने सर्वात निर्धोक काळ. हे पर्यटकांना कोणीच सांगत नाही. हिरव्यागार ओळी, गर्दी कमी, आणि खोल्यांचे दरही कमी. त्या काळाची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. गोचिडांपासून होणारा ताप, एर्लिकिया आणि बबेसिया, आपल्याकडे सर्रास आढळतो, आणि साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या लघवीवाटे लेप्टोस्पायरोसिस होतो. म्हणून बुकिंगच्या वेळीच दोन कागद मागा. एक रेबीजचा, वर्षाच्या आतला. दुसरा लेप्टोचा समावेश असलेल्या लसीचा. आणि गोचिडांची गोळी किंवा मानेवरचं औषध चालू आहे का, एवढं विचारा. नसेल तर पाहुण्याला नाकारू नका, पण निघण्याआधी आठवडाभर वेळ मिळेल अशा बेताने विचारा. आयत्या वेळी दारात विचारलं तर तो कागद फोनवर शोधत उभा राहतो आणि तुमचा कर्मचारी कंटाळून सोडून देतो.

मुक्कामाच्या ठिकाणी सर्वात मोठी चूक रात्रीची होते. गंगापूर, दिंडोरी, निफाड या पट्ट्यात बिबट्या आहे, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. उसात आणि बागांत तो वावरतो, आणि कुत्रा हे त्याचं आवडतं, सोपं भक्ष्य. मुंबईहून आलेल्या माणसाला हे माहीत नसतं. तो व्हरांड्यात साखळीने कुत्रा बांधतो आणि झोपतो. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. अंधार पडल्यावर कुत्रा बंद खोलीतच राहील, आणि रात्री शू-शीसाठी न्यायचं तर दिव्याच्या उजेडात, दोघांनी मिळून, छोट्या पट्ट्यावर, हा नियम खोलीच्या दारामागे लावा. व्हरांड्यात झोपवायची परवानगी देऊच नका, पाहुण्याने कितीही आग्रह केला तरी.

बागेतून शहरात येऊ. महानगरपालिकेला सांगायचं ते असं, की जुन्या नाशकात कुत्र्यांसाठी सगळं खुलं करा, असं आमचं म्हणणं नाही. रामकुंडावर कुत्रा नेऊच नये असं आम्हाला वाटतं. तिथे लोक अस्थी घेऊन येतात, पिंडदान करतात. दुःखात बुडालेल्या माणसाच्या पायांत अनोळखी कुत्रा घुटमळणं योग्य नाही. काळाराम, सुंदरनारायण, नारोशंकर या मंदिरांच्या आवारातही तो आग्रह नको. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे आणि 1959 च्या नियमांनुसार तिथे प्राणी नेता येत नाही. अडचण या नियमात नाही, त्याच्या परिणामात आहे. वर जाता येत नाही म्हणून मालक कुत्र्याला गाडीत ठेवतो, काच दोन बोटं उघडी सोडतो आणि पायऱ्या चढायला लागतो. बाहेर 32 अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत 42 आणि अर्ध्या तासात 50 च्या वर तापमान जातं, काच थोडी उघडी असली तरी फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला पंजे सोडले तर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच थंड होतो, आणि गरम हवेत धापा टाकून काही उपयोग नसतो. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना त्याहून कमी वेळ लागतो.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी पार्किंगजवळ एक पत्र्याची नव्हे, गवताची किंवा हिरव्या जाळीची सावली, चार खुंटे आणि एक नळ, एवढंच करा. कुटुंबातला एक जण कुत्र्याबरोबर थांबेल, बाकीचे लेणी बघून येतील, मग अदलाबदल करतील. पत्रा नको म्हणतो त्याला कारण आहे. दुपारी पत्र्याखालची हवा बाहेरच्यापेक्षा तापलेली असते. गोदाघाटावर, मंदिरांपासून दूर गाडगे महाराज पुलाच्या बाजूला, अशीच एक जागा आणि विष्ठेसाठी झाकणाची पेटी ठेवता येईल. घाटाचा काळा दगड उन्हात पंजा भाजण्याइतका तापतो. हाताची पालथी बाजू दगडावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्यालाही चालवू नये, ही साधी कसोटी. जुनं नाशिक कुत्र्याबरोबर पाहायचं, तर सकाळी साडेसहा ते आठ हीच वेळ. सराफ बाजाराच्या गल्ल्या तेव्हा मोकळ्या असतात, आणि तांबट आळीत हातोड्यांचा ठणठणाट सुरू झालेला नसतो. तो आवाज माणसाला मोहक वाटतो. कुत्र्याला तो झेपत नाही. रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात त्या दिवशी, आणि 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या सिंहस्थाच्या स्नानाच्या दिवसांत, कुत्र्यासह शहरात येऊ नका, हे पर्यटन खात्याने आत्तापासून सांगायला लागावं.

उष्माघात झालाच तर काय करायचं, हे प्रत्येक काउंटरवरच्या माणसाला पाठ हवं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश. 41 च्या वर गेलं, की जीवावर बेततं. सावलीत आणा, साधं नळाचं पाणी पोटावर, काखेत, जांघेत ओता, पंखा लावा, आणि 39.5 वर आलं की थांबा. बर्फ लावू नका, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तोच गरम होऊन बसतो. त्यानंतर कुत्रा उठून शेपूट हलवायला लागला तरी दवाखान्यात न्या.

दवाखान्यावरून आठवलं. पर्यटक सर्वाधिक असतात रविवारी दुपारी, आणि बहुतेक खासगी पशुवैद्यक तेव्हाच बंद असतात. वायनरी आणि मुक्कामवाल्यांनी मिळून हंगामाच्या बारा रविवारांसाठी शहरातले दोन-तीन दवाखाने आळीपाळीने उघडे राहतील अशी व्यवस्था लावावी. त्या दवाखान्यांत उलटी करवायचं इंजेक्शन, सलाईन आणि क्रिएटिनिन मोजायची सोय आहे ना, हे आधी खात्री करून घ्यावं. फक्त लसी देणारा दवाखाना यासाठी पुरत नाही. त्या रविवारी कोण उघडं आहे, त्यांचा नंबर आणि गाडीने लागणारा वेळ, काउंटरवर लिहून ठेवा. 'गूगलवर बघा' हे उत्तर दोन तासांतली पंचवीस मिनिटं खातं.

येण्याच्या प्रवासाबद्दल पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात दोन ओळी पुरतील. रेल्वेने कुत्रा न्यायचा, तर एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीतून जातो. चेअरकार, स्लीपर, थ्री-टायरमध्ये नेता येत नाही. गाडीने कसारा घाटातून येणाऱ्यांनी कुत्र्याला निघण्याआधी तीन-चार तास खाऊ घालू नये.

शेवटी, दारात लावायच्या पाटीचा मजकूर आम्हीच लिहून देतो आहोत. जसाच्या तसा वापरा, छापायला कोणाची परवानगी नको:

'कुत्र्यांचं अंगणात स्वागत आहे. पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नको. द्राक्षं, मनुका, रस आणि चोथा कुत्र्यासाठी विष आहे, एकही मणी देऊ नका. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लगेच काउंटरवर सांगा, उलटीची वाट पाहू नका, मीठ-पाणी पाजू नका. निघताना पंजे नळावर धुवा. सेलरमध्ये प्रवेश नाही, खुंटे आंब्याखाली आहेत. गाडीत ठेवू नका. अंधार पडल्यावर खोलीत ठेवा, या भागात बिबट्या आहे. आजचा उघडा दवाखाना: ______ फोन: ______'

रिकाम्या जागा खडूने भरायच्या आहेत, दर शनिवारी सकाळी.

आपले,
नाशिक परिसरातले काही श्वानपालक आणि पशुवैद्यक